गाडी एक, घड्याळं तीन

प्रश्न असा आहे. अमळनेरच्या एका वाचकांची मुलगी अमेरिकेत शिकागोहून लॉस एंजेलिसला रेल्वेने निघाली आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ दुपारी २:५० आणि पोचण्याची तिसऱ्या दिवशी सकाळी ८:०० आहे. वजाबाकी केली की ४१ तास १० मिनिटं येतात, पण तिकिटावर प्रवास ४३ तास १० मिनिटांचा लिहिलाय. मधले दोन तास गेले कुठे? एवढ्या मोठ्या देशात गाडी नेमकी कोणत्या घड्याळाने धावते? आणि आपला देशही काही लहान नाही, मग आपल्याकडे सगळीकडे एकच वेळ कशी चालते?

भाऊ, तिकीट बरोबर आहे. सुटण्याची वेळ शिकागोच्या घड्याळातली आहे आणि पोचण्याची लॉस एंजेलिसच्या. लॉस एंजेलिसचं घड्याळ शिकागोच्या दोन तास मागे असतं. मुलगी उतरेल तेव्हा स्टेशनवर आठ वाजलेले असतील, पण शिकागोत दहा. दुपारी २:५० पासून तिसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत मोजा, बरोबर ४३ तास १० मिनिटं भरतात. जिथे जिथे वेळेचे पट्टे (टाइम झोन) ओलांडले जातात तिथे हिशेबाचा नियम हाच: आधी दोन्ही वेळा एकाच गावच्या घड्याळात आणायच्या, मग वजाबाकी. उलट क्रमाने केलं की चुकलंच.

आता हे असं का, ते खान्देशातूनच बघू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपल्या अक्षांशावर, म्हणजे २१ अंश उत्तरेला, एक अंश रेखांश साधारण १०४ किलोमीटरचा भरतो. थोडक्यात, २६ किलोमीटर पूर्वेला गेलं की सूर्य एक मिनिट आधी माथ्यावर येतो. भुसावळ ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नंदुरबार ७४.२ वर. दोघांच्या सूर्यात सहा मिनिटांचा फरक. प्रत्येक गावाने आपापल्या सूर्यावर घड्याळ लावलं असतं तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारचे बारा आणि भुसावळचे बारा वेगळे झाले असते. पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्याला सहा मिनिटांचं काही वाटत नव्हतं. एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांना सहा मिनिटं जिवावर बेततात. जगभर प्रमाणवेळेची पहिली खरी गरज रेल्वेला भासली ती यामुळे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: वेळेला किलोमीटर कळत नाहीत, अंश कळतात. १५ अंशांचा म्हणजे तासाभराचा पट्टा आपल्याकडे सुमारे १,५६० किलोमीटर रुंद होतो, तर ६० अंश उत्तरेला जेमतेम ८३५ किलोमीटर. रशियात ११ वेळा आहेत त्या देश लांब आहे म्हणून तर आहेतच, पण तो उत्तरेला आहे, जिथे रेखावृत्तं एकमेकांच्या जवळ येतात, म्हणूनही आहेत.

आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. जळगाव ७५.५६ वर, म्हणजे जवळजवळ सात अंश पश्चिमेला. सात चोक अठ्ठावीस. जळगावात सूर्य सरासरी १२ वाजून २८ मिनिटांनी माध्यान्हाला येतो, धुळ्यात १२:३१ ला, नंदुरबारात १२:३३ ला. ‘सरासरी’ म्हणायचं कारण असं की पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्यही वर्षभर सारख्या चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं आधी येतो, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं उशिरा. म्हणून जळगावची खरी माध्यान्ह नोव्हेंबरात १२:१२ च्या सुमारास आणि फेब्रुवारीत १२:४२ च्या सुमारास असते.

याचा शेतात उपयोग होतो. सोलर पंपाचं पॅनल दक्षिणेकडे तोंड करून लावताना बरेच जण घड्याळात बारा बघून काठीची सावली धरतात. अर्ध्या तासाने दिशा चुकते. काठी ओळंब्यात उभी करा, पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खुणवा. सगळ्यात आखूड सावलीची रेघ तीच खरी दक्षिणोत्तर. फक्त मे महिन्याच्या शेवटी हा प्रयोग करू नका. जळगावात २५ मेच्या आसपास दुपारी १२:२५ ला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि काठीला सावलीच पडत नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतलाही घोळ यातलाच. बहुतेक ठिकाणी सूर्योदय-सूर्यास्त मुंबईचे छापलेले असतात. जळगाव मुंबईच्या पूर्वेला पावणेतीन अंश, म्हणजे सुमारे ११ मिनिटं वजा करायची. पण आपण मुंबईपेक्षा दोन अंश उत्तरेलाही आहोत, त्यामुळे जूनमध्ये सूर्योदय मुंबईपेक्षा साधारण १५ मिनिटं आधी होतो आणि डिसेंबरमध्ये फक्त ७. सूर्यास्ताचं याच्या उलट.

आता रेघा कुठे मारतात ते. शाळेच्या नकाशावर टाइम झोन १५ अंशांच्या सरळ पट्ट्यांनी दाखवतात, प्रत्यक्षात तसं कुठेही नसतं. समजा, उद्या कुणी ठरवलं की ७५ अंशांवर रेघ मारायची. ही रेघ चाळीसगावच्या अंगावरून आणि अमळनेरच्या शेजारून जाते. मग पारोळ्याचा माणूस धुळ्याच्या बाजाराला निघाला की तासभर मागे गेला. चाळीसगाव-धुळे ही दीड तासाचीसुद्धा नसलेली गाडी, पण तिला दोन वेळा सांभाळाव्या लागतील. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अखत्यारीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. तिथे दहाचा पेपर म्हणजे कुणाचे दहा? जळगावात पेपर फुटला तर धुळ्यात सुरू व्हायला अजून तास बाकी! म्हणून रेघ कुठे मारायची हे भूगोल ठरवत नाही. लोकांचं रोजचं जाणं-येणं सगळ्यात कमी कुठे तुटतं, ते बघून ती मारतात.

अमेरिकेने हे कायद्यातच लिहून ठेवलंय. तिथे १८८३ पर्यंत वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या मिळून सुमारे पन्नास वेळा चालत होत्या. १८ नोव्हेंबर १८८३ ला कंपन्यांनी आपसात ठरवून त्या चार-पाचांवर आणल्या. सरकारने कायदा केला तो बऱ्याच नंतर, १९१८ मध्ये. त्या कायद्यात सीमा ठरवण्याचे निकष दिले आहेत: व्यापाराची सोय, आणि रेल्वेची जंक्शनं व डिव्हिजनची ठिकाणं. म्हणजे आपल्या भाषेत भुसावळसारखी ठिकाणं, जिथे इंजिन आणि चालक-गार्ड बदलतात. यामागे अनुभवाचं शहाणपण आहे. मधल्या आडरानात चालकाने घड्याळ बदललं की चूक होण्याची शक्यता वाढते. जिथे नवा चालक नवं घड्याळ घेऊनच गाडीवर चढतो, तिथे बदलाचा धोका उरत नाही. आजही एखाद्या जिल्ह्याला पट्टा बदलून हवा असेल तर अमेरिकेच्या परिवहन खात्याकडे अर्ज जातो. खातं साधे प्रश्न विचारतं: तुमचा माल कुठून येतो, लोक कामाला कुठल्या गावी जातात, टीव्ही कुठला दिसतो, जवळचा विमानतळ कुठला.

तुमच्या मुलीची गाडी पहिला बदल कॅन्सस राज्याच्या पश्चिम टोकाला करेल. गार्डन सिटी स्टेशन मध्य पट्ट्यात, म्हणजे शिकागोच्याच वेळेवर आहे आणि पुढचं कोलोरॅडोतलं लामार पर्वतीय पट्ट्यात, तासभर मागे. म्हणून वेळापत्रकात या दोन स्टेशनांमधला प्रवास विचित्रपणे कमी दिसतो. दुसरा बदल जास्त गमतीचा आहे, कारण तो महिन्यावर अवलंबून आहे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, शेजारची राज्यं करतात. त्यामुळे हिवाळ्यात ॲरिझोना पूर्वेकडच्या न्यू मेक्सिकोबरोबर असतं आणि तासाचा बदल कॅलिफोर्नियाच्या सीमेवर होतो. उन्हाळ्यात ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया यांचं घड्याळ जुळतं, आणि तो बदल अलीकडे न्यू मेक्सिको-ॲरिझोना सीमेवर सरकतो. रूळ तेच, गाडी तीच, फक्त वेळेची रेघ एक अख्खं राज्य ओलांडून इकडची तिकडे होते. त्यातही ॲरिझोनाच्या आत नावाहो लोकांचा प्रदेश उन्हाळी वेळ पाळतो, आणि त्या प्रदेशाने वेढलेले होपी लोक पाळत नाहीत.

घड्याळ पुढे-मागे करण्याच्या या प्रकाराला तिकडे डेलाइट सेव्हिंग म्हणतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एकदम तीनवर जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला परत एकवर येतं. म्हणजे मार्चमधल्या त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, आणि नोव्हेंबरमधल्या त्या रात्री दीड दोनदा वाजतात. धावत्या गाडीचं मग काय करायचं? नोव्हेंबरात रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या एखाद्या स्टेशनवर तासभर थांबवून ठेवतात, नाहीतर त्या पुढच्या स्टेशनावर वेळेआधी पोचतील आणि तिथला प्रवासी फलाटावर यायच्या आतच निघून जातील. मार्चमध्ये मात्र गाड्या एका झटक्यात तासभर लेट होतात आणि जमेल तेवढा वेळ भरून काढत जातात. त्यावर दुसरा उपाय नाही. कारखान्याची रात्रपाळी, दवाखान्यातली औषधांची नोंद, संगणकावर रात्री आपोआप चालणारी कामं, सगळ्यांना हाच त्रास. म्हणून जाणकार माणूस तिकडची कुठलीही आपोआप होणारी गोष्ट रात्री एक ते तीनच्या दरम्यान लावत नाही.

रशियाने रेल्वेपुरता सगळ्यांत सोपा मार्ग धरला होता. कालिनिनग्राड ते कामचाटका वेळा कितीही असोत, गाड्या, तिकिटं आणि स्टेशनवरची घड्याळं मॉस्कोच्या वेळेवर. मॉस्को-व्लादिवोस्तोक सुमारे ९,३०० किलोमीटरचा मार्ग, दोन टोकांत सात तासांचा फरक. व्लादिवोस्तोकला संध्याकाळी सातला सुटणाऱ्या गाडीच्या तिकिटावर दुपारचे बारा छापलेले असायचे. चालवणाऱ्यांना हे फार सोयीचं: एक देश, एक वेळापत्रक, वजाबाकी सरळ. प्रवाशाला मात्र घराबाहेर पडताना सात मिळवावे लागायचे, आणि जो विसरला त्याची गाडी चुकली. १ ऑगस्ट २०१८ पासून तिकिटं आणि स्टेशनवरचे फलक स्थानिक वेळेवर आले. रशियाने उन्हाळी-हिवाळी बदलही बंद केला आहे: २०११ मध्ये आधी कायमची उन्हाळी वेळ ठेवून पाहिली, हिवाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळींना लोक कंटाळले, म्हणून २०१४ मध्ये कायमची हिवाळी केली.

चीनने याच्या उलट टोक गाठलं. पूर्वी तिथे पाच पट्टे होते, १९४९ नंतर सगळ्या देशाला एकच बीजिंगची वेळ. चीनच्या पश्चिम टोकाला काशगर नावाचं शहर आहे. त्याचा रेखांश ७६ अंश, म्हणजे जवळजवळ भुसावळचाच! भुसावळातून सरळ उत्तरेला काशगरापर्यंत दोरी ताणली तर ती फारशी वाकडी होणार नाही. दोन्हीकडे सूर्य एकाच क्षणी माध्यान्हाला येतो, पण तेव्हा भुसावळच्या घड्याळात साडेबाराच्या आतबाहेर झालेले असतात आणि काशगरच्या घड्याळात तीनला पाच कमी. डिसेंबरात तिथे सकाळचे दहा वाजून गेले तरी सूर्य उगवलेला नसतो, जूनमध्ये रात्री दहानंतर दिवेलागण.

मग काशगरचे लोक अंधारात कामाला जातात का? नाही. तिथल्या कचेऱ्या साधारण दहाला उघडतात, दुपारचं जेवण दोनच्या पुढे असतं, आणि अनेक स्थानिक लोक आपसात बीजिंगपेक्षा दोन तास मागची ‘शिनजियांग वेळ’ वापरतात. म्हणून चहाला बोलावलं की आधी विचारावं लागतं, कुठल्या वेळेने? या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. सूर्य हलत नाही. मग एकतर घड्याळ हलवा, नाहीतर कामाचे तास हलवा. अमेरिका घड्याळ हलवते आणि ‘नऊ ते पाच’ जागेवर ठेवते. चीन घड्याळ जागेवर ठेवतो आणि ‘नऊ ते पाच’ हलवतो. खान्देशात आपणही यातला दुसरा, चीनसारखा मार्ग वापरतो, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. होळी उलटली की शाळा सकाळची होते, वैशाखात मजूर झुंजुमुंजू झालं की शेतात असतो आणि दिवस डोक्यावर यायच्या आत घरी परततो. घड्याळाला कुणी हात लावत नाही.

आता भारताचं. आपला देश ६८ अंशांपासून ९७ अंशांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तास रुंद आहे. इंग्रजांच्या काळात मुंबईची वेळ ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटं, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं, आणि दोघांच्या भांडणात नको म्हणून रेल्वेने मधली मद्रासची वेळ धरलेली, ५ तास २१ मिनिटं. म्हणजे त्या काळी मुंबईचं घड्याळ लावून माणूस भुसावळ स्टेशनवर गेला तर गाडी अर्धा तास आधी सुटून गेलेली! १९०५ च्या जुलैत रेल्वेने आणि १९०६ पासून सरकारने साडेपाच तासांची वेळ घेतली. मुंबईने आपली वेळ मात्र १९५५ पर्यंत सोडली नाही.

साडेपाचच का, हा प्रश्न हमखास येतो. ग्रिनिचपुढच्या पाच तासांचं रेखावृत्त ७५ अंशांचं, तेच आपल्या चाळीसगावचं. सहा तासांचं ९० अंशांचं, ते आसामच्या दाराशी. ८२.५ बरोबर दोघांच्या मधोमध. पूर्वेलाही थोडा त्रास, पश्चिमेलाही थोडा, अशी ती तडजोड आहे.

त्रास पूर्वेला जास्त होतो, हे मान्य करायला हवं. डिब्रुगडला जूनमध्ये सव्वाचारला सूर्य उगवतो आणि डिसेंबरात संध्याकाळी चार वीसला मावळतो. त्याच दिवशी नंदुरबारात सहाला पाच कमी असेपर्यंत ऊन असतं. कचेऱ्या दहाला उघडतात तोवर तिथला बराच उजेड वाया गेलेला असतो आणि संध्याकाळी दिवे लवकर लागतात. म्हणून आसामचे चहामळे आजही तासभर पुढची ‘बागान वेळ’ पाळतात. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी (देशाची अधिकृत वेळ अणुघड्याळांवर हीच संस्था सांभाळते) दोन वेळांचा आराखडा मांडला. त्यात रेघ ८९ अंश ५२ मिनिटांवर, आसाम आणि पश्चिम बंगालच्या अरुंद सीमेवर सुचवली होती. तिथे रुळांची वाट इतकी चिंचोळी आहे की रेल्वेला न्यू कूचबिहार आणि अलीपुरद्वार एवढ्या दोनच ठिकाणी बदल सांभाळावा लागला असता. १८८३ च्या अमेरिकन शहाणपणाचाच हा भारतीय अवतार म्हणायचा. दुसरी सूचना सगळ्या देशाचंच घड्याळ अर्धा तास पुढे करून सहावर आणायची होती. ती मानली असती तर नंदुरबारची माध्यान्ह एक वाजून गेल्यावर आली असती आणि डिसेंबरात सकाळी साडेसातनंतर सूर्य उगवला असता. सरकारने दोन्ही मानल्या नाहीत. ईशान्येकडच्या राज्यांनी चहामळ्यांसारखे कचेऱ्यांचे तासच आधी आणावेत, हे मला जास्त व्यवहार्य वाटतं. त्याला रेल्वेचं वेळापत्रक, बँकांची कामं, काही बदलावं लागत नाही.

जाता जाता एक: सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं. घरातल्या कुणा आजोबांची त्या काळातली जन्मवेळ कुंडलीसाठी काढत असाल तर तो तास आधी वजा करा, मग जळगावसाठी स्थानिक वेळेची २८ मिनिटं.

शेवटी तुमच्या फोनचं. रात्री आठला तुम्ही फोन लावलात तर शिकागोत हिवाळ्यात सकाळचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेनऊ असतात. लॉस एंजेलिसला साडेसहा आणि साडेसात. मुलीशी ठरवताना ‘तुझ्याकडे सकाळी साडेआठ’ असं तिच्या गावच्या घड्याळाने ठरवा आणि आपण तासभर सरका, कारण घड्याळ तिचं बदलतं, तिचे कामाचे तास नाही. ‘सीएसटी’, ‘आयएसटी’ अशी अक्षरं लिहून वेळ कळवू नका. पहिलं अमेरिकेचा मध्य पट्टाही आहे आणि चीनही, दुसरं भारतही आहे, इस्रायलही आणि आयर्लंडही. गावाचं नाव लिहा, फोनमध्येही शहर निवडून वेळ लावा, साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक पाठ करून नाही. युरोपात कुणी असेल तर त्यांचा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, अमेरिकेच्या तारखेला नव्हे. लंडनला मात्र हिवाळ्यात आकडेमोड लागतच नाही. काट्यांचं घड्याळ उलटं धरा, सहाचा आकडा वर. आपले साडेआठ तिथले तीनच्या आसपास दिसतील.

आणि रात्री बारानंतरची तारीख. १५ तारखेला ००:१० ला सुटणारी गाडी म्हणजे १४ तारखेची रात्र संपताच सुटणारी गाडी. अमेरिकेत काय आणि भुसावळात काय, १५ च्या रात्री जेवण उरकून स्टेशनवर पोचणारे प्रवासी रोज दिसतात, आणि त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.